भाड्याने मिळणारा आदिवासी

ड्रेपरीच्या दुकानात गेलात तर कपाटांवर चिकटवलेल्या पट्ट्या वाचून बघा. मावळा, जिजाऊ, कोळीण, वासुदेव, भाजीवाली, परी, फुलपाखरू, आदिवासी. भाचीच्या शाळेचं गॅदरिंग होतं, वर्गशिक्षिकेने तिला 'आदिवासी' दिलेला होता, म्हणून बहिणीबरोबर मी अशा एका दुकानात उभा होतो. दुकानदाराने वरच्या कप्प्यातून पिशवी काढली. हिरव्या रेक्झिनची पानं शिवलेला घागरा, गुलाबी रंगात बुडवलेल्या पिसांचा डोक्याचा पट्टा, प्लॅस्टिकच्या हाडांची माळ. भाडं दोनशे, डिपॉझिट पाचशे, भाला हवा असेल तर त्याचे तीस रुपये वेगळे.

"कुठल्या आदिवासींचा आहे हा?" मी विचारलं.

"सगळ्यांना चालतो," तो म्हणाला. त्याला वाटलं, मी साइझ विचारतोय.

महाराष्ट्राच्या यादीत अनुसूचित जमाती आहेत ४५. २०११च्या जनगणनेत त्यांची लोकसंख्या एक कोटी पाच लाख भरली, म्हणजे राज्यातला दर अकरावा माणूस. त्यात सह्याद्रीतले महादेव कोळी, ठाकर आणि कातकरी आले, जव्हार-डहाणूकडचे वारली आणि कोकणा आले, सातपुड्यातले भिल्ल आणि पावरा, मेळघाटातले कोरकू, गडचिरोलीचे गोंड आणि माडिया आले. यातल्या एकाही जमातीत रेक्झिनच काय, खऱ्या पानांचाही असा घागरा मी पाहिलेला नाही. वारली बाईचं गुडघ्यापर्यंत कासोटा घालून नेसलेलं आखूड लुगडं चिखलात भात लावायच्या सोयीचं असतं. पानांचा घागरा आला तो हिंदी सिनेमातल्या 'झिंगालाला'मधून. तरी तो 'सगळ्यांना चालतो'.

दुकानदाराशी माझं भांडण नाही. मागणी तसा पुरवठा. माझं भांडण आहे ते या दुकानाच्या मोठ्या आवृत्तीशी. तिथे पिसं खरी असतात, माणसंही खरी असतात, आणि तरीही सगळं भाड्याचंच असतं.

काही वर्षांपूर्वी पालघर जिल्ह्यातल्या एका कार्यक्रमात मी निवेदक होतो. संस्थेचं नाव सांगत नाही, कारण त्या मांडवात इतर कुठलीही संस्था असती तरी हेच झालं असतं. मंत्री दहाला येणार होते. तारपा नाच करणारी मंडळी आठ वाजता टेम्पोतून उतरली आणि मंत्री आले सव्वाला. मधला सगळा वेळ ती माणसं कमानीशी उन्हात उभी होती. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या तारपकऱ्याने डोक्याचा पंचा सोडून पाण्यात भिजवला आणि तारप्यावर घातला. मला वाटलं, वाद्याचा मान म्हणून असेल. मग त्यानेच सांगितलं, की उन्हाने मेण मऊ पडतं आणि सांधा सुटतो.

तारपा जवळून बघण्यासारखा असतो. वाळवून पोखरलेला दुधी भोपळा, त्याच्या एका अंगाला फुंकायचं भोक, दुसऱ्या अंगाला जिव्हाळ्या, म्हणजे सूर काढणाऱ्या पातळ पात्या, बसवलेल्या बांबूच्या दोन नळ्या, त्यांच्यापुढे ताडाच्या पानांचा वळलेला लांब कर्णा, आणि हे सगळं धरून ठेवणारं मधमाश्यांचं काळं मेण. यातली एकही वस्तू दुकानातून आणावी लागत नाही. वाजवणारा गालांत हवा भरून नाकाने श्वास घेत राहतो, त्यामुळे सूर तुटत नाही. तो मधोमध उभा राहून हळूहळू फिरतो. भोवती बायका-पुरुष एकमेकांच्या कमरेला हात घालून साखळी करतात. म्होरक्याच्या हातात घुंगरांची काठी असते. तारप्याची चाल बदलली की पाय बदलतात. आणि सगळ्यात मोठा नियम म्हणजे तारप्याकडे पाठ करायची नाही. साखळी कितीही वळो, तोंड तारप्याकडेच राहतं.

त्या दिवशी मंत्री आल्यावर आयोजकांपैकी एक जण धावत आला. "असे गोल नका फिरू, साहेबांना पाठ दिसते. सरळ लाइन करा, समोर तोंड करून नाचा." तारपकऱ्याला बाजूला, साउंडवाल्याच्या टेबलाशी उभं केलं आणि कर्ण्यापुढे माइक ठेवला. झाली सरळ लाइन. सगळ्यांची तोंडं साहेबांकडे, सगळ्यांच्या पाठी तारप्याकडे. नाच चार मिनिटं चालला. पाचव्या मिनिटाला मीच माइकवरून म्हणालो, "जोरदार टाळ्या! ही आपली संस्कृती आपण जपली पाहिजे." निवेदनाच्या कागदावर तसं छापलेलं होतं. त्यांना मिळालं ते नाश्त्याचं पाकीट आणि जाण्यायेण्याचा टेम्पो.

त्यानंतर 'संस्कृती जपा' हे शब्द ऐकले की मला ती सरळ लाइन दिसते. जपायचं कोणी, कोणासाठी आणि कोणाकडे तोंड करून, हे ठरवण्याचा अधिकार कोणाचा, एवढाच या सगळ्या वादातला खरा प्रश्न आहे असं मला वाटतं. आपल्याकडे चर्चा भलत्याच प्रश्नावर होते. पोरं जीन्स घालायला लागली, लग्नात डीजे आला, बायका लुगडं सोडून साडी आणि साडी सोडून गाऊन घालायला लागल्या, म्हणजे आता संस्कृती बुडाली, असा तो सूर असतो. हा सूर लावणाऱ्यांपैकी किती जणांच्या आज्या नऊवारी नेसत होत्या आणि किती जणांच्या सुना नेसतात, हे विचारायची सोय नाही.

पोशाख म्हणजे काय, हे मला नीट कळलं ते काठीला. नंदुरबार जिल्ह्यात, अक्कलकुवा तालुक्यात, सातपुड्याच्या घाटात काठी नावाचं गाव आहे. एका जुन्या भिल्ल संस्थानाचं हे ठिकाण, म्हणून तिथली होळी राजवाडी होळी म्हणून ओळखली जाते. आदल्या आठवड्यात ठिकठिकाणी भोंगऱ्याचे बाजार भरतात. होळीसाठी उंच बांबू लांबच्या जंगलातून आणतात. त्याचा खड्डा कुदळ-पहार न लावता हातांनी उकरतात. रात्रभर मोठमोठ्या ढोलांवर नाच होतो आणि होळी पेटते ती पहाटे, उजाडायच्या बेताला.

तिथे बुध्या असतात. उघड्या अंगावर राखेची नक्षी, कमरेला वाळलेल्या भोपळ्यांची आणि घुंगरांची माळ, डोक्यावर मोरपिसं खोवलेला बांबूचा उंच टोप. फोटोत तो फार छान दिसतो, आणि म्हणूनच तो सरकारी कॅलेंडरवर, पर्यटनाच्या जाहिरातीत, विमानतळाच्या भिंतीवर पोचला. फोटोत न दिसणारी गोष्ट वेगळीच आहे. हा टोप ज्याच्या डोक्यावर चढतो तो नवसाचा माणूस असतो. होळीच्या आधीचे दिवस तो पाळणी पाळतो. जमिनीवर झोपतो, ब्रह्मचर्य राखतो, खाण्यापिण्याची बंधनं सांभाळतो. कोणाचं मूल आजारातून उठलेलं असतं, कोणाच्या घरावरचं संकट टळलेलं असतं. त्याने पिसं लावली ती देवाशी केलेल्या कराराची फेड म्हणून. होळी झाली, नवस फिटला, की टोप उतरतो.

आता हाच टोप २६ जानेवारीला ध्वजवंदनानंतरच्या कार्यक्रमात, ऑगस्टमध्ये एखाद्या रॅलीत, नोव्हेंबरात एखाद्या महोत्सवात दिसतो. पंढरीच्या वाटेवरच्या वारकऱ्याला कोणी म्हणालं, की बाबा, आमच्याकडे फेब्रुवारीत वार्षिक सभा आहे, तुळस डोक्यावर घेऊन पाच मिनिटं चालून दाखवा, तर आपल्याला कसं वाटेल? (तसंही होतं म्हणा. 'दिंडी' हा आता शाळांमधला बसवलेला आयटम आहे. पण ती दिंडी आपण आपल्या पोरांची काढतो, वारकऱ्यांना टेम्पोत घालून आणत नाही.) मराठीत यासाठी दोन चांगले शब्द आहेत. एक पोशाख आणि एक वेशभूषा. बुध्याच्या अंगावर होळीच्या पहाटे असतो तो पोशाख. तोच टोप जानेवारीत वेशभूषा होतो. वस्तू तीच, पिसं तीच, फक्त तो कधी घालायचा हे ठरवणारा माणूस बदललेला असतो.

यावर ९ ऑगस्टचा दाखला कोणीतरी देईलच. संयुक्त राष्ट्रांनी १९९४मध्ये ठरवून दिलेला हा आदिवासी दिवस नंदुरबारपासून पालघरपर्यंत आता जोरात साजरा होतो. त्या दिवशी कॉलेजची पोरं-पोरी अंगावर सगळा साज चढवून, ढोल घेऊन, तहसील कचेरीवरून मिरवणूक नेतात. तिथेही होळी नसते, नवस नसतो. मग ती वेशभूषा नाही का? मला तसं वाटत नाही. तिथे कोणी त्यांना बोलावलेलं नसतं. ज्या कचेरीच्या दारात बाप टोपी हातात घेऊन उभा राहायचा, त्याच दारात पोरगा मोरपिसं लावून उभा राहतो, तेव्हा त्या पिसांना नवा अर्थ आलेला असतो आणि तो त्याने स्वतः आणलेला असतो. वर बदलाबद्दल बोललो ते याचसाठी. बदल कोणी केला ते बघा.

वारली चित्रांचीच गोष्ट घ्या. आज परंपरा म्हणून जे आपण दिवाणखान्यात टांगतो ते या रूपात पन्नास-पंचावन्न वर्षांपलीकडचं नाही. मूळ चित्र भिंतीवरचं, लग्नातलं आणि बायकांचं. शेणाने सारवून गेरू दिलेल्या कुडाच्या भिंतीवर, तांदळाच्या पिठाच्या पाण्यात काडी बुडवून, सवाशिणी लग्नाचा चौक काढत. मधोमध पालघाट देवी. धवलेरी गाणी म्हणणार. धवलेरी ही लग्न लावणारी बाई, पुरोहितच म्हणा ना. चौकाशिवाय लग्न लागत नसे, आणि लग्न उरकलं की त्या चित्राचं काम संपलं. पुढे चुलीच्या धुराने ते काळवंडो की पावसाने धुपो, कोणी ते 'जतन' करत बसत नव्हतं. पुढच्या लग्नाला पुढचा चौक.

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला भास्कर कुलकर्णी हे कलावंत सरकारी हस्तकला विभागाच्या कामासाठी डहाणूच्या पाड्यांवर गेले आणि त्यांनी कागद-रंग देऊ केले. गंजाडचे जिव्या सोमा मशे यांनी तो कागद असा काही भरला, की चौकाच्या बाहेरचं सगळं जग त्यात आलं. भातलावणी, मासेमारीची जाळी, मुंग्यांची रांग, तारप्याभोवतीचं वेटोळं, आगगाडीसुद्धा. बायकांच्या विधीतली कला पुरुषाच्या हातात आली, भिंतीवरून कागदावर आली, देवीपासून सुटून रोजच्या जगण्यात आली. याहून मोठी मोडतोड ती कोणती? आजच्या 'संस्कृती बुडाली'वाल्यांनी तेव्हा जिव्यांचा हात धरला असता. मशेंना २०११मध्ये पद्मश्री मिळाली, २०१८मध्ये ते गेले, आणि आज डहाणू-जव्हारकडची कित्येक घरं या चित्रांवर चालतात.

या यशातही एक खोट आहे, ती झाकून चालणार नाही. चौक बायकांचा होता. कागद आला, पैसा आला, प्रदर्शनं आली, आणि नावं झाली ती बहुतेक पुरुषांची. सवाशिणी मागे राहिल्या आणि धवलेरी तर आता शोधाव्या लागतात. तेव्हा 'समाजाने ठरवावं' असं म्हणताना समाजातलं कोण ठरवतं, हेही विचारायला हवं. पण ते विचारण्याचा पहिला हक्क त्या पाड्यावरच्या पोरींचा, आणि त्यातल्या काही जणी आज ब्रश हातात घेऊन तो वापरतातही. गुडघ्यापर्यंतचं लुगडं सोडून पंजाबी ड्रेस घालणाऱ्या मुलींचंही तेच. लुगड्यात एसटीत चढलं की लोक कसे बघतात, हे त्यांना ठाऊक असतं. ते बघणं थांबवायची जबाबदारी आपण घेत नाही, आणि लुगडं टिकवायची जबाबदारी मात्र त्यांच्यावर टाकतो.

आता पैशाकडे येऊ. वारली चित्रांना २०१४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. लोकांना वाटतं, आता झालं, चोरी थांबली. पण मानांकन नावाला आणि उगमाला संरक्षण देतं. गिरणीत छापलेल्या चादरीवर दोन त्रिकोण जोडून केलेली नाचणारी माणसं आली, की कोणाचं काय वाकडं होतं? पडदे, मग, मोबाइलची कव्हरं, हॉटेलच्या जेवणाच्या थाळ्या, सगळीकडे ती माणसं नाचतात. कोल्हापुरी चपलेला २०१९मध्ये मानांकन होतंच. तरी जून २०२५मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने तशाच चपला मॉडेलच्या पायात घातल्या आणि कोल्हापूरचं नावही घेतलं नाही. तेव्हा अख्खा महाराष्ट्र पेटून उठला, आणि बरोबरच उठला. पण आपल्याच सोसायटीच्या कंपाउंडवर, आपल्याच महापालिकेच्या उड्डाणपुलाखाली, चौरस फुटाच्या दराने रंगाऱ्याकडून 'वारली' काढून घेताना आपल्यातला प्राडा आपल्याला दिसत नाही. ठेकेदाराचा माणूस स्टेन्सिल धरून भिंती रंगवतो. त्यात तारपकऱ्याच्या भोवतीची माणसं कधीकधी उलट्या तोंडाने नाचत असतात. मी एका पुलाखाली हे मोजलं आहे. बावीसपैकी अकरा.

डोंगरातल्या इतर लोकांनी हा प्रश्न कसा हाताळला, तेही बघण्यासारखं आहे. नागालँडमध्ये आओ नागांची त्सुंगकोटेप्सु नावाची शाल आहे. पूर्वी ती अंगावर घ्यायची तर लढाईत शत्रूचं मुंडकं आणण्याचा पराक्रम किंवा मिथुन या गव्यासारख्या जनावराचा बळी देऊन घातलेलं गावजेवण, यातलं काहीतरी पदरी असावं लागे. मान न मिळवता शाल पांघरणं म्हणजे न लढता पदक लावणं. आज मुंडकी कापण्याचा काळ गेला, शाल बाजारात मिळते, पाहुण्यांना पांघरली जाते. अर्थ बदलला. पण कोणती नक्षी कोणाची, हे तिथल्या जमाती अजून जागरूकपणे सांगतात. चाखेसांग या दुसऱ्या नागा जमातीच्या शालींना २०१७मध्ये मानांकन मिळालं, आणि त्यामागे तिथल्या बायकांची संघटना होती. मागावर बसणाऱ्या बायकाच हक्कदार झाल्या. आपल्या धवलेरींना कोणी विचारलं होतं?

नाच, पोशाख, चित्र यांबद्दल बोलताना जंगलाचा विषय काढला की ऐकणारे कंटाळतात. 'आलात पुन्हा राजकारणावर,' म्हणतात. पण तारप्याला भोपळा लागतो, बांबू, ताडाचं पान आणि मेण लागतं. भोपळा परसात लावता येईल. बांबू कुठून आणायचा? पिढ्यान्‌पिढ्या डोंगरावरचा बांबू तोडणारा माणूस कायद्याने चोर ठरत आला. २००६चा वनहक्क कायदा आल्यावर गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा या गोंड गावाला २००९मध्ये सामूहिक हक्क मिळाला, आणि तरीही आपल्या हक्काचा बांबू विकायचा वाहतूक परवाना हातात यायला एप्रिल २०११ उजाडावा लागला, तोही केंद्रीय मंत्री गावात येऊन बसल्यावर. याच कायद्याच्या तिसऱ्या कलमात जैविक आणि सांस्कृतिक विविधतेशी निगडित पारंपरिक ज्ञानावर समूहाचा बौद्धिक संपदेचा हक्क मान्य केलेला आहे. आदिवासी भागांतल्या पंचायतींसाठीचा १९९६चा पेसा कायदा तर ग्रामसभेला आपल्या रूढी-परंपरा आणि सांस्कृतिक ओळख राखण्यास सक्षम मानतो. सरळ शब्दांत, 'जपा' हे सांगण्याचा अधिकार कायद्याने ग्रामसभेकडे आहे. निवेदकाच्या कागदाकडे नाही.

सरदार सरोवरात नंदुरबार जिल्ह्यातली ३३ गावं बाधित झाली, अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली. नर्मदाकाठच्या डोंगरातले लोक खालच्या सपाटीवर, वसाहतींत आले. तिथे घर आहे, रस्ता आहे, नळ आहे असं सांगतात. पण गावदेव डोंगरावर असतो, होळीचा दांडा जंगलातून यावा लागतो, ढोल वाजला की समोरच्या टेकडीवरच्या पाड्याने उत्तर द्यायचं असतं. सपाटीवरच्या प्लॉटवर, ऊस आणि केळीच्या शेतांच्या मधे, ढोल वाजवला तर शेजारचं गाव तक्रार करतं. ज्यांनी डोंगर बुडवला तेच पुढे 'लुप्त होत चाललेल्या कलांचं संवर्धन' या शीर्षाखाली अनुदान काढतात. हा विनोद कोणी मुद्दाम केलेला नाही, म्हणून तो जास्त खुपतो.

जंगलाइतकाच मोठा फटका शाळेचा, पण त्याबद्दल कोणी बोलत नाही. राज्यात सरकारी आणि अनुदानित मिळून हजारावर आश्रमशाळा आहेत. पाड्यावरचं पोर सहाव्या-सातव्या वर्षी तिथे जातं आणि वर्षातले नऊ-दहा महिने तिथेच राहतं. भात निसवतं, तारपा बाहेर निघतो, तेव्हा ते वसतिगृहात. दिवाळीच्या तोंडावर वाघदेवाची वाघबारस येते तेव्हा सहामाहीची गडबड. होळीला वार्षिक परीक्षा डोक्यावर. नाच शिकायचा तो आई-बापाच्या कमरेला हात घालून, पेंगत, रात्रभर. ते वय शाळेच्या घंटेत जातं. मग त्याच शाळेच्या स्नेहसंमेलनात, शहरातून आलेला कोरिओग्राफर मोबाइलवरच्या गाण्यावर त्यांना 'आदिवासी नृत्य' शिकवतो. मी पाहिलं आहे. वारली पोरं 'वारली' म्हणून जे नाचत होती ते त्यांच्या आज्यांना ओळखू येत नव्हतं. एक आजी मला म्हणाली, "चांगला नाचतात. पन कोनचा हा?"

म्हणून मला कोणी विचारलं की संस्कृती टिकवायला काय करावं, तर मी महोत्सव सांगत नाही. आश्रमशाळेचं सुट्ट्यांचं वेळापत्रक त्या त्या भागाच्या सणांप्रमाणे करा, एवढं सांगतो. नंदुरबारला होळीला आठवडाभर, पालघरला तारप्याच्या दिवसांत, मेळघाटात होळीनंतरच्या फगव्याला. खर्च शून्य. पुण्याच्या बालभारतीला काही छापावं लागणार नाही. गणपतीत कोकणातल्या आणि मुंबईतल्या शाळांना सुट्टी मिळतेच की. दुसरं म्हणजे सरकारी भिंतीवर वारली काढायचं असेल तर ते काम ठेकेदाराच्या निविदेतून काढून थेट त्या पाड्यांवरच्या कलाकारांना द्या आणि खाली सही करू द्या, बाईने काढलं असेल तर बाईची. आणि नाचायला बोलवायचंच असेल तर सनईवाल्याला, बँडवाल्याला, त्या दिवशीच्या निवेदकाला देता तसं ठरवून मानधन द्या. हो, मला त्या दिवशी पाकीट मिळालं होतं. दीड हजाराचं. ते मी घेतलं.

मंचाला माझा सरसकट विरोध नाही. मंचावर नाचून घर चालवणारी पथकं आहेत, त्यांना तो पैसा आणि ते कौतुक हवं असतं. त्यांनी चार मिनिटांचा नाच बसवला तर तो त्यांचा धंदा आहे, आणि धंदा म्हणून त्याचा हिशेब चोख व्हावा. आपण त्यांना कलाकार म्हणून बोलावतो आणि वागवतो मात्र कमानीच्या केळीच्या खांबांसारखं, हे मला खटकतं.

डीजेचं राहिलं. गेल्या उन्हाळ्यात जव्हारकडे एका लग्नाला गेलो होतो. मांडवात मोठे स्पीकर, पोरांच्या अंगावर टी-शर्ट आणि फाटक्या जीन्स. रात्री अकराच्या सुमारास कीबोर्डवाल्याने तारप्याची चाल धरली. कीबोर्डवर, ढणढणाटात. मी मनातल्या मनात नाक मुरडलं. दोन मिनिटांत पोरांनी एकमेकांच्या कमरेला हात घातले, पोरी घुसल्या, नवऱ्या मुलाची मावशी घुसली, आणि साखळी फिरायला लागली. मधे तारपकरी नव्हता, स्पीकरचा मनोरा होता. साखळी त्याच्याभोवती फिरत होती, आणि कोणाचीही पाठ त्याच्याकडे नव्हती. पहाटे तीनला मी झोपायला गेलो तेव्हाही नाच चालूच होता. थांबा म्हणणारा कोणी नव्हता.

भाचीचं गॅदरिंग झालं. मी बहिणीला हे सगळं सांगून पाहिलं, पण डिपॉझिट आधीच भरलेलं होतं आणि बाईंनी यादी मुख्याध्यापकांकडे दिली होती. भाची रेक्झिनची पानं लावून 'मी आदिवासी, जंगलची राणी' असं दोन वाक्यांत बोलली आणि तिला दुसरा नंबर मिळाला. दुसऱ्या दिवशी ड्रेस परत करायला मीच गेलो. दुकानदाराने घागरा काउंटरवर पसरला, एकेक पान बोटाने मोजलं, आणि एक पान फाटलं म्हणून डिपॉझिटमधले वीस रुपये कापून घेतले.